आधी तेल, मग वांगी

मंठ्यात माझ्या शेजारी राहणारे केरबाअण्णा आधी चुलीवर तेल तापवायचे आणि मग वांगी तोडायला जायचे. वाफा घरामागे, विहिरीला लागून. धोतराचा सोगा खोचून पळत सुटायचे आणि जाताना मला बजावायचे, "मास्तर, तेलाकडं ध्यान ठिवा!" मी निजामाच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकवणारा माणूस. तेलाकडे ध्यान कसे ठेवतात हे मला कुठल्याच भाषेत कुणी शिकवले नव्हते. पण कढईतून धूर निघायच्या आत अण्णा हजर असत.

"भाजीला दम घेऊ द्यायचा न्हाई," ते धापा टाकत म्हणायचे. "तोडली कवा अन् कढईत गेली कवा, तिचा तिलाच पत्ता लागू न्हाई. जल्दी!"

साठीच्या, दांडग्या मिशांच्या शेतकऱ्याने चुलीपुढे बसावे हे गावाला मुळीच पटत नव्हते. पण त्याला कारण होते. त्यांची बायको, सखूकाकू, पावसाळ्यात मोठ्या तापातून उठल्या त्या तोंडाची चव गमावून. वैद्याचे काढे झाले, हकिमाच्या पुड्या झाल्या. काकू समोर येईल त्यातले दोन घास निमूट खायच्या आणि "बरं हाय" म्हणायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. "शिळ्या भाजीत जीव न्हाई, मंग चव कुठून येनार?" असे निदान करून अण्णांनी झारा हातात घेतला.

वाफ्यात नसलेल्या भाज्यांसाठी आठवडी बाजार. अण्णा दिसले की माळणी दुसरीकडे बघू लागत.

"दोडका कवा तोडला?"

"सकाळच्यालाच की."

"सकाळ लई मोठी असती. सूर्य कुठं होता?"

"होता तिथंच होता! घ्यायचं तर घ्या, न्हाई तर पुढं सरका."

अण्णा दोडक्याचा देठ मोडून चाखायचे आणि भर बाजारात निकाल द्यायचे, "बिलकुल कालचा!"

गाव म्हणे, म्हाताऱ्याला शाबासकीची हौस आहे. मलाही तसेच वाटायचे. रोज मला पडवीत जेवायला बसवायचे आणि "कशी झाली?" म्हणून विचारायचे. मी तोंड भरून स्तुती करायचो, पण त्यांचा कान आतल्या दाराकडे. आतून "बरं हाय" आले की कढई अशी आपटायचे की मांजर पळून जाई.

एकदा त्यांनी कारली केली, न पिळता, सालासकट. माझ्या डोळ्यांत पाणी आले. काकूंनी फोडी शांतपणे चावून खाल्ल्या आणि "बरं हाय" म्हणाल्या. त्या दिवशी कढई आपटली नाही. "आता काय करू ओ, मास्तर?" अण्णा हळूच म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांना नुसते बसलेले पाहिले आणि मला भीती वाटली.

थंडीत मेथी वर आली. अण्णांनी खुडली, फोडणीत टाकली, मीठ घातले, तेवढ्यात मोटेचा बैल वाफ्यात शिरला. त्याला हाकलून परत आले आणि घाईत पुन्हा मूठभर मीठ घातले. मी पाहिले होते. पण वडीलधाऱ्याला चुलीपाशी टोकायची मला हिंमत झाली नाही. पहिल्या घासालाच जीभ चरचरली. "झकास!" मी म्हणालो.

"अवं," आतून आवाज आला, "मीठ लई झालंय की! घशाखाली उतरंना."

अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला.

"काय म्हनलीस?"

"खारट केलीय म्हनलं. ध्यान कुठं व्हतं?"

अण्णा उठून आत गेले आणि काकूंच्या ताटापाशी मटकन बसले. त्यांनी त्यातली भाजी चाखली. "बराबर हाय. लई खारट हाय," ते म्हणाले, आणि एवढा दांडगा माणूस मिशा भिजेपर्यंत रडला. इतके दिवस मी शाबासकीवर शाबासकी देत होतो, त्याची मला फार लाज वाटली.

काकू गांगरल्या. "एवढं रडायला काय झालं? उद्यापासून मी करते."

"कर की," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "पन अदुगर अजून एकदा नावं ठेव."