एक्केचाळिसावं मॉड्यूल

ऑफिसात त्यांना सगळे गाठोडे म्हणत. खरं आडनाव आता फक्त हजेरीच्या यादीत उरलं होतं. काम मात्र नावाला शोभेल असंच होतं. खिडकीशी बसणारी प्रोग्रामर मंडळी मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रामचे सुटे भाग, लिहायची, कुणी हजेरीचं, कुणी रजेचं, कुणी बदलीचं. गाठोडे जिन्याखालच्या खोलीत बसून ती एकत्र बांधायचे, आत काय काय आहे आणि कितव्या आवृत्तीचं आहे याची यादी वर डकवायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवून द्यायचे. अकरा वर्षं हेच.

त्या यादीनेच त्यांचा जीव खाल्ला होता. प्रत्येक फाइल उघडा, नाव शोधा, आवृत्तीचा आकडा शोधा, वहीत उतरवा. खिडकीवाले आकडा कधी माथ्यावर लिहायचे, कधी तळाशी, कधी लिहायलाच विसरायचे. गेल्या खेपेला तीन आकडे चुकले आणि बोलणी खाल्ली ती गाठोड्यांनी. मग माणूस पेटला. तीन महिने मान मोडून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं चाळणी. चाळणीने सगळ्या फाइली आपल्या आपण चाळायच्या, मॉड्यूलचं नाव, आवृत्ती, चालायला आणखी कशाची गरज आहे ते, आणि मॉड्यूल काय करतं हे सांगणारी खालच्या चार ओळींची माहिती उचलायची, की यादी तयार.

बाईंनी, म्हणजे ऑफिसच्या मालकिणीने, अट घातली. शुक्रवारी एकही फाइल हाताने न उघडता यादी करायची. चार वाजेपर्यंत गिऱ्हाइकाच्या संगणकावर सगळं सुरळीत बसलं आणि यादीत एकही चूक निघाली नाही, तर सोमवारपासून खिडकीजवळची रिकामी खुर्ची गाठोड्यांची. चूक निघाली तर वही आहेच.

शुक्रवारी दुपारी चाळणी चालली. वहीत मॉड्यूलं होती चाळीस. चाळणीने दाखवली एक्केचाळीस.

गाठोड्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एक्केचाळिसाव्या ओळीत लिहिलं होतं: राजीनामा, आवृत्ती नऊ, गरज: धीर, आवृत्ती एक. चार ओळींची माहिती पडद्यावर येत नव्हती, ती थेट छापील प्रतीत जायची. आता हजेरी, रजा आणि बदली आहे म्हटल्यावर राजीनाम्याचंही मॉड्यूल असणारच. आपल्याच वहीतून ते सुटलं असेल असं ठरवून त्यांनी निमूटपणे पेन्सिलने वहीत एक्केचाळिसावं नाव घातलं. यंत्र कशाला चुकेल, चुकतो तो माणूस, असं त्यांचं मत होतं. पण हा धीर कुठला? तो तर यादीत नव्हता. कुठल्या फाइलमध्ये काय सापडलं हे चाळणी सांगत नव्हती, ती सोय करायची राहूनच गेली होती, आणि फाइल उघडायची तर बंदी. गाठोडे खिडकीकडे गेले.

दाढीवाल्या प्रोग्रामरने मान न वळवताच सांगितलं की धीर त्याला माहीत आहे, चांगला होता, पण आता फार जुना झाला. त्याच्या शेजारचे थोरले म्हणाले, छे, ते कॉलेजात असताना सगळे धीर वापरायचे, पण मेमरी फार खातो म्हणून सोडला. राजीनामा कुणी लिहिला याची मात्र दोघांनाही कल्पना नव्हती. दाढीवाल्याला वाटे थोरल्यांनी, थोरल्यांना वाटे दाढीवाल्याने. नवव्या आवृत्तीपर्यंत पोचलाय म्हणजे कुणीतरी मन लावून लिहिलाय, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. गाठोडे आले होते तेव्हापेक्षा जास्त गोंधळून परत गेले.

तीन वाजता त्यांनी देवाचं नाव घेऊन गाठोडं पाठवलं. सव्वातीनला गिऱ्हाइकाकडच्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"अहो, चाळीस बसली. एक्केचाळिसावं अडलंय. धीर नाही म्हणतंय."

"तुमच्याकडे नाहीये?"

"आमच्या अख्ख्या इमारतीत शोधला. तुम्हीच पाठवा की."

गाठोड्यांना खुर्ची हातची जाताना दिसायला लागली. मग त्यांनी बांधणीवाल्यांची जुनी युक्ती केली. आत काहीच नसलेलं एक रिकामं पॅकेज बनवलं, वर नाव घातलं धीर, आवृत्ती एक, आणि दिलं पाठवून. समोरच्या यंत्राला नाव दिसलं की ते गप्प बसतं, आत कोण डोकावतंय?

साडेतीनला पुन्हा फोन.

"बसलं एकदाचं," तंत्रज्ञ म्हणाला. "पण हे करतं काय? स्क्रीनवर नुसती माहिती येतेय. वाचू का? 'माननीय बाई, गेली अकरा वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बांधतो आहे. जिन्याखाली ऊनही येत नाही.'"

गाठोड्यांनी फोन ठेवून दिला.

आता त्यांना सगळं आठवलं. चाळणी लिहायला घेतली त्या पहिल्या आठवड्यात चाचणीसाठी एक नमुना हवा होता. नाव, आवृत्ती, गरज आणि चार ओळी माहिती. तेव्हा डोक्यात जे घोळत होतं तेच त्यांनी चाळणीच्याच फाइलमध्ये लिहिलं. घरी बायकोने त्या राजीनाम्याचे नऊच्या नऊ मसुदे वाचले होते आणि दर वेळी "अहो, धीर असेल तर द्या" म्हणून परत केले होते. नमुना खोडायचा राहिला आणि आज चाळणीने स्वतःचीच फाइल चाळली, आणि नमुनाही मॉड्यूल म्हणून बांधला गेला. आणि यादीची छापील प्रत, माहितीसकट, नेहमीप्रमाणे बाईंच्या टेबलावर गेली होती.

बोलावणं आलंच. बाईंच्या हातात तो कागद होता.

"गाठोडे, हे तुमचं?"

"हो," गाठोडे म्हणाले. "चाळणी चुकली, बाई. वही काढतो."

बाईंनी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ विचारली. राजीनामा खरोखर लिहिला होता का? हो. नववी आवृत्तीच का? नववीच. आणि धीर नव्हता? गाठोड्यांनी खाली पाहत मान हलवली, नव्हता.

"मग चाळणी कुठे चुकली?" बाई म्हणाल्या. "वहीला अकरा वर्षांत जे दिसलं नाही ते हिने एका दुपारी शोधलं. मलाही दिसलं नव्हतं. सोमवारी वर बसा. फक्त तो राजीनामा मागे घ्या."

गाठोडे हरखले, पण हाडाचे बांधणीवाले होते. एकदा बाहेर गेलेली आवृत्ती मागे घेता येत नाही, वरच्या आकड्याची पाठवावी लागते, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता. त्यांनी खाली जाऊन राजीनामा, आवृत्ती दहा, बांधला. माहिती: हे मॉड्यूल काहीही करत नाही. गरजेच्या जागी ते जरा थांबले आणि मनातलं लिहून, पाठवून मोकळे झाले.

सोमवारी सकाळी ते खिडकीशी बसले होते. टेबलावर ऊन आलं होतं. तेवढ्यात तंत्रज्ञाचा फोन आला.

"अहो, दहावी आवृत्ती अडलीय. खिडकीजवळची खुर्ची नाही म्हणतंय. कुठून घ्यायची?"

"ती नाही मिळायची," गाठोडे म्हणाले. "तिच्यावर मी बसलोय."