निवेदकावर संशय

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. बायको गेली होती. त्याला आता तीन महिने झाले.

मेहुणी बहिणीच्या आठवणींची पुस्तिका काढतेय. "भाऊजी, एकच पान लिहा! तुम्ही तर साहित्याचे प्राध्यापक!" मी छाती फुगवून हो म्हटलं. सव्वीस वर्षं मी विद्यापीठातल्या मुलांना गोष्टींमधून विचार करायला शिकवतोय. छापलंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही, पुरावा मागायचा! एक पान म्हणजे माझ्या हातचा मळ! वीस मिनिटांत लिहून फाइलमध्ये ठेवलं.

वर्गात मी उतारा देतो तो लेखकाचं नाव कापून. नाव दिसलं की मुलं प्रश्न विचारायला घाबरतात. परवा झेरॉक्सवाल्याला फाइलमधलं वरचं पान दिलं, प्रती वाटल्या आणि ऐटीत मागच्या बाकावर जाऊन बसलो. पहिल्या बाकावरची मुलगी वाचू लागली, "माझी पत्नी अत्यंत प्रेमळ होती..."

ते माझंच पान!

"थांबा! चुकीचं पान आहे! परत द्या!"

"सर, तुम्हीच शिकवलंत," शंकासुर म्हणाला. हे नाव त्याला मीच ठेवलंय. "कोणी वाचू नका म्हटलं की दोनदा वाचायचं."

सगळ्यांनी दोनदा वाचलं.

"हा निवेदक खोटारडा आहे!"

"पुरावा?" सवयीने माझ्याच तोंडून निघालं. मेलो!

"प्रेमळ, प्रेमळ, सहा वेळा प्रेमळ! पण ती बाई एकदाही बोलत नाही."

"'क्षणभरही तिच्या उशापासून हललो नाही' म्हणतो. आणि खाली लिहितो, बातमी कळली तेव्हा कामावर होतो!"

"शिवाय 'घर शांत झालं' म्हणतो! सर, यानेच मारलंय तिला!"

हात वर करून मतदान झालं. अडतीसपैकी एकतीस जणांनी मला खुनी ठरवलं. उरलेले सात म्हणाले, एकट्याचं काम नाही, साथीदार असणार!

आरडाओरडा ऐकून विभागप्रमुख बाई आत आल्या. "काय चाललंय?"

"बाई, खुनी सापडला!"

बाईंनी पान वाचलं. फोन आला त्या दिवशी दवाखान्यात माझ्यासोबत त्याच आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग एकेक करत अडतीस माना मागे वळल्या. मीही मागे वळून बघितलं. मागे भिंत होती!

"सर... हे तुमचं?" शंकासुराने पान बाकावर उलटं ठेवलं.

"हो. पण खून नाही केला रे!"

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "सर, त्या काय बोलायच्या?"

या प्रश्नाला मी जेवढा घाबरलो, तेवढा खुनाच्या आरोपाला नव्हतो. कारण उत्तर मला ठाऊक होतं. ती गेली त्या सकाळी दवाखान्यात मला म्हणाली होती, "आज नको ना जाऊस."

"तास संपला," मी म्हणालो. अजून वीस मिनिटं बाकी आहेत, हे शंकासुराने लगेच दाखवून दिलं.

पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार आहे. नव्या पानावर तिचं ते वाक्य लिहिलंय. त्यावर मी काय म्हणालो, ते अजून लिहिलेलं नाही.