अजून कच्चं हाय

आमच्या गारखेड्यात बोअरचं पाणी खारट, म्हणून लोक जारचं गोडं पाणी विकत घेतात. आमचे शेजारी शेषराव काका जारचं गोडं पाणी विकत घेऊन त्यात मीठ घालतात.

त्यांना घरात समुद्र करायचाय. दीड महिना झाला, हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आहे, वाळू आहे, दगड आहेत, निळे दिवे आहेत. मासा एकही नाही.

"मग बोअरचंच घ्यायचं की!" मी म्हणालो.

"ते खारं येगळं, समुद्राचं खारं येगळं, सर." माणूस जन्मानं दौलताबादचा, बोलणं मात्र असं की सात पिढ्या होडीत गेल्या असाव्यात.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुवून निवृत्त झाले. आता रोज सकाळी टाकीतलं पाणी नळीत घेतात, औषधाचे थेंब टाकतात आणि रंग बघतात. हिरवा म्हणजे कच्चं, पिवळा म्हणजे पिकलं. निकाल रोज एकच, "अजून कच्चं हाय." पाणी पिकवायला त्यांनी आत एक मेलेली कोळंबी सोडली. ती कुजली की म्हणे जंतू वाढतात आणि पाणी माशाजोगं करतात. मी मराठीचा मास्तर, मला काय कळणार? जंतूंचं माहीत नाही, वास मात्र आमच्या स्वयंपाकघरापर्यंत वाढला.

त्यात टाकीही उलटी. पाहुण्यांना दिसते ती पाठ, म्हणजे वायरी आणि पंप. फिरवा म्हटलं तर "ऱ्हाऊ द्या, बरोबर हाय."

शेवटी माझाच धीर सुटला. रविवारी क्रांती चौकातून येताना खाऱ्या पाण्यातले दोन केशरी मासे पिशवीत घेऊन आलो. "घ्या काका, करा उद्घाटन!"

काकांचा चेहरा उतरला. "मारायला आणले का, सर?"

"मेले तर दुसरे आणू. मासेच ते!"

त्यांनी माझा हात धरून मला टाकीच्या पलीकडं नेलं. समोरच काकूंचा पलंग. अर्धांगवायूनं काकू दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्यात, हे मला ठाऊक होतं. मी टाकीच्या अलीकडूनच चौकशी करून सुटत होतो. टाकीचं तोंड पलंगाकडं होतं.

"हिचा मिठू व्हता ना खिडकीत," काका हळू आवाजात म्हणाले, "हिच्या डोळ्यांदेखत गेला. आठ दिवस घास घेतला नाय हिनं. आता हिच्यासमोर काई मरायचं नाय."

मला फार लाज वाटली. पिशवी दुकानात परत करायला मी दाराकडं वळलो, तोच मागून काकूंचा अडखळता आवाज आला, "आज... रंग?"

काकांनी सकाळची नळी आणून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"हिरवाच हाय गं. पण कालच्यापेक्षा फिका."