आबांच्या खिशातली रेती

"या घरमा एक तं या कोंबड्या ऱ्हातीन, नही तं मी!" अभिमन आबांनी ओट्यावरून जाहीर केलं.

त्यांच्या बायकोने, भिकुबाईंनी, महिला मंडळातून आणलेलं खोकं शांतपणे खाली ठेवलं. आत डझनभर पिवळी पिलं एका सुरात चिवचिवत होती. "मंग तुम्हनं गठोडं बांधी देऊ का?" त्यांनी विचारलं. "धोतर वाळेल शे."

आबा गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. गळ्यात तुळशीची माळ होती आणि घरात आजवर अंडं शिरलं नव्हतं. भिकुबाईंचं म्हणणं सरळ होतं : अंडी खायची नाहीत, शिंदखेड्याच्या बाजारात विकायची. आबांनी ते ऐकून घेतलं आणि पिलांकडे नजरसुद्धा टाकायची नाही अशी शपथ घेतली. घरात येता-जाता ते मान भिंतीकडे वळवत, त्यामुळे दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले.

एका दुपारी भिकुबाई शेतात गेलेल्या. आबा ओट्यावर लवंडले होते. वेताच्या डालकीतून सुटलेलं एक पिलू आलं, त्यांच्या पायावर चढलं आणि अंगठ्याच्या नखावर टोच मारून मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत बसलं.

"हट!" आबा म्हणाले. पिलू हटलं नाही. आबांच्या खिशात देवळातल्या प्रसादाचे फुटाणे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक फुटाणा तांब्याखाली चिरडला आणि तळहातावर धरला. "आजना दिवस फक्त हं," त्यांनी पिलाला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सगळीच पिलं आली. मग फुटाण्यांनंतर शेवेचा चुरा आला, भिजवलेला गहू आला, गूळ चोळलेली बाजरीची भाकरी आली. भिकुबाई घरात असल्या की आबा पुन्हा भिंतीकडे मान वळवत.

आणि पिलं मलूल पडली. पंख पाडून एका कोपऱ्यात बसू लागली. भिकुबाईंनी डालकी आबांच्या डोक्यावर दिली आणि ढोरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी एका पिलाचा गळा चाचपला.

"भरडीशिवाय यांना काय देता?"

"काहीच नही, साहेब!" भिकुबाई म्हणाल्या.

"गळ्याखालची पिशवी दगडासारखी झालीय. कोणीतरी दाणे चारतंय. चारायला हरकत नाही, पण थोडं. आणि मग समोर बारीक रेती हवी. कोंबडीला दात नसतात. पोटात खडे असतील तरच दाणा दळला जातो."

आबा छतावरची पाल निरखत उभे होते.

घरी येईपर्यंत भिकुबाईंनी गुन्हेगार ठरवून टाकला होता. शेजारच्या लताबाईंच्या आणि त्यांच्या अंगणात एकच बुटकी भिंत होती, आणि लताबाई रोज भिंतीलगत बसून धान्य निवडायच्या. भिकुबाईंनी पदर खोचला.

"मन्हा पिलसले कोन चारस, माले बठ्ठं माहीत शे!"

"मी चारू?" लताबाई उसळल्या. "मन्हा पोऱ्यासले पुरत नही, आनि तुन्हा कोंबड्यासले चारू?"

विरजणाची देवाणघेवाण बंद झाली. भिंतीवर बोरीच्या काट्या आल्या. खरं सांगून टाकावं म्हणून आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भिकुबाई कडाडल्या, "जो कोनी व्हई, त्यानं तोंड दखनार नही मी!" आबांनी तोंड मिटलं.

पण फुटाणे बंद करायचे? भांडण बायकांचं, आणि उपाशी पिलांनी राहायचं? ते होणार नव्हतं. आबा नदीवर गेले, भिकुबाईंच्या पिठाच्या चाळणीने बारीक रेती चाळली आणि बंडीचा डावा खिसा गच्च भरला. उजव्या खिशात फुटाणे, डाव्यात रेती. आधी चिमूटभर हे, मग चिमूटभर ते. पिलं टुणटुणीत झाली. भिकुबाईंनीही वाटीत रेती ठेवली होती, पण तिच्याकडे कोणी ढुंकून पाहीना.

एकादशीला सकाळी देवळात भजन होतं. रेतीच्या वजनाने आबांच्या खिशाची शिवण उसवली होती, हे आबांना ठाऊक नव्हतं. घरापासून देवळापर्यंत रेतीची बारीक धार लागली आणि त्या धारेवरून टिपत टिपत सगळी पिलं निघाली. अभंग रंगात आला असताना ती ओळीने सभामंडपात शिरली. एक मृदंगावर चढलं.

टाळ थांबले. मंडळाचे प्रमुख रतिलालनाना, अख्ख्या गावाने ज्यांना घाबरावं असे, चष्म्यावरून बघू लागले. "अभिमन, हई काय शे?"

"पिलं शेतस, नाना."

"ते दिसस माले. देऊळमा कसाले उनात?"

उत्तर पिलानेच दिलं. त्याने आबांच्या उजव्या खिशात डोकं घातलं आणि सगळ्यांदेखत फुटाणा ओढून काढला.

"प्रसाद? कोंबड्यासले?" नाना थरथरले. "माळ काढ, नही तं पिलं सोड!"

आबा उठले. उरलीसुरली रेती खाली सांडली. "माळ बी काढनार नही, पिलं बी सोडनार नही! तुम्ही मुंग्यासले साखर टाकतस ते पुण्य, आनि मी दाना टाका ते पाप? देवनी यासले दात दिधात नहीत, म्हनीसन मी रेती दिधी. दात नही त्यानी काय उपाशी मरनं?"

सगळ्या देवळाची नजर नानांच्या बोळक्या तोंडाकडे गेली. नानांनी ते घट्ट मिटलं.

आबा ताठ मानेने पायऱ्या उतरले. पण खाली पिलांमागे धावत आलेल्या भिकुबाई आणि लताबाई सगळं ऐकून उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून.

"मन्हावर आळ उना तवय तुम्ही कोठे व्हतात, आबा?" लताबाईंनी विचारलं.

"ओट्यावर," आबा म्हणाले. मान अजून ताठच होती. "चारी ऱ्हायंतू."

"मंग आजपाइन पिलं तुम्हना," भिकुबाई म्हणाल्या. "दाना तुम्ही, पानी तुम्ही, घान बी तुम्हीच काढा." आणि दोघी हसत, एकमेकींच्या कानाला लागत घराकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी आबा अंगणात खराटा मारत होते. माळ गळ्यात होती, पिलं पायात होती. गल्लीच्या तोंडाशी रतिलालनाना दिसले. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आत आले आणि धोतराच्या सोग्यातून मूठभर बाजरी काढली.

"बारीक खडा मिसाडीसन आनेल शेतस," ते कुजबुजले. "कोनले सांगू नको."

आबांनी खराटा खाली ठेवला, छाती भरून घेतली आणि चार घरं ऐकतील अशा आवाजात हाक मारली, "अवं आयकस का! रतिलालनाना उनात! पिलसले दाना चाराले!"