जीवनवृक्षाचा परीक्षक

नवा माणूस भेटला की लोक गाव विचारतात. जरा चौकस असले तर आडनाव विचारतात. आमचे शेजारी गुणवंतभाऊ विचारतात, "तुमच्यात जीवनवृक्ष कोणता?"

बँकेत नव्यानं बदलून आलेल्या मॅनेजरलाही त्यांनी हेच विचारलं, तेही त्यानं आधार कार्ड मागितल्यावर. तो बिचारा केरळचा, ख्रिस्ती, तीन आठवड्यांत शिकलेल्या मराठीत म्हणाला, "देवाच्या बागेत मधोमध एक झाड होतं."

"कोणतं? पान कसं? फूल कधी येते?"

"नाव लिहिलेलं नाही, काका."

गुणवंतभाऊंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "एवढ्या मोठ्या पुस्तकात झाडाचं नाव नाई? मंग ते परीक्षेले बसू शकत नाई. मुद्दा ध्यानात ठेवजा."

मागे रांगेत अकरा माणसं उभी होती. मुद्दा सगळ्यांनी ध्यानात ठेवला.

गुणवंतभाऊ वांगी पिकवतात. तळेगावच्या बाजारात त्यांचं वांगं ओळखू येतं, कारण ते वांगं देताना त्याचं शास्त्रीय नावही देतात. तरुणपणी वर्ध्याला कॉलेजात गेले आणि वनस्पतिशास्त्रात तीनदा नापास झाले. याचा त्यांना भलता अभिमान आहे. "पास होणाऱ्यानं एक डाव वाचलं. म्या तीन डाव वाचलं. जास्त कोणाले येते?"

तर या माणसानं एकट्यानं, कुणी न सांगता, जीवनवृक्ष या पदासाठी परीक्षा सुरू केली. धर्म कोणताही असो, अर्ज सगळ्यांचे घेतले. अटी मात्र कडक. फूल खाता आलं पाहिजे, फळ खाता आलं पाहिजे, बियांचं तेल निघालं पाहिजे, पानावर जेवता आलं पाहिजे आणि सावलीत झोप लागली पाहिजे.

पहिला उमेदवार मोरपंखी. शाळेच्या गेटजवळ असते ती, हिरव्या पंख्यांची. शास्त्रज्ञ तिच्या जातीच्या झाडांना चक्क 'जीवनवृक्ष' म्हणतात, हे भाऊंनी पुस्तकात दाखवलं. मग शेळी आणली. शेळीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "पाह्यलं? नाव मोठं. शेळी म्हणते नाई." मोरपंखी बाद.

खजुराची बाजू त्यांना गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर एका म्हाताऱ्या रेवडीवाल्यानं थेट अरबस्तानापासून ऐकवली. भाऊंनी पाव किलो खजूर तिथंच संपवला आणि निकाल दिला, "फळ शंभर टक्के. पण आपल्या जिल्ह्यात लावलं तं धरत नाई. बदलीवर यायले तयार नाई तो अधिकारी काय कामाचा?"

पिंपळाच्या वेळी मात्र चप्पल काढून बोलले. "याच्याखाली ज्ञान भेटलं. हात जोडतो. पण भगवान बुद्धाले खीर खाऊनच बसा लागलं ना? खीर कोणं देल्ली? बाईनं देल्ली. झाडानं नाई देल्ली."

आणि मग पाचही विषयांत पहिला आला मोह. त्यांच्या स्वतःच्या धुऱ्यावरचा, म्हणजे दोन शेतांच्या मधल्या बांधावरचा. मी हळूच म्हटलं, "भाऊ, परीक्षक तुम्ही, पेपर तुमचा, अन् झाडही तुमचंच?"

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या शाळेत काय वेगळं होते?"

आता अडचण अशी, की आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथं मोहाला झाड म्हणून कुणी ओळखतच नाही, भट्टीचा कच्चा माल म्हणूनच ओळखतात. त्यात गुणवंतभाऊंची तऱ्हा. फुलांच्या दिवसांत पहाटे चारला टॉर्च आणि खराटा घेऊन शेतात हजर. फूल पडलं की उचललं. उजाडेपर्यंत झाडाखाली असं झाडून घेतलेलं, की तिथं पंगत बसावी. एक फूल, मी मोजून सांगतो, एकसुद्धा फूल कुणाला मिळायचं नाही. गावात कुजबुज सुरू झाली. एवढी फुलं जातात कुठं?

एकदा ठाण्यातले दोन शिपाई आले. आत परातीत फुलं भिजत होती, गच्चीवर वाळत होती, खोलीभर तो गोड, जड वास. शिपायांचे चेहरे उजळले. भाऊंनी त्यांना खाटेवर बसवलं, मोहाचे लाडू दिले आणि बायबलपासून बोधगयेपर्यंत सगळं ऐकवलं. पाऊण तासानं एक शिपाई काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, पण वास तं तोच हाये."

"वास तोच. वागणूक येगळी. घ्या अजून एक."

शिपाई लाडू घेऊन गेले. उरलेली फुलं बैलांच्या आंबोणात आणि वांग्याच्या खतात गेली. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझा त्यांच्यावर जीव होताच, त्या दिवसापासून आदरही बसला.

पण एक व्यक्ती या परीक्षकाला मानत नव्हती. कमलबाई. भाऊंच्या धाकट्या भावाची, मनोहरची बायको. मनोहर सहा वर्षांपूर्वी दारूनं गेला. चाळिशीही गाठली नव्हती. कमलबाईंनी शेत सांभाळलं, मुलीला शिकवलं, बचत गट उभा केला आणि गावातल्या तीन भट्ट्या बायकांना घेऊन स्वतःच्या हातानं फोडल्या. धुऱ्याच्या पलीकडचं शेत त्यांचं. म्हणजे झाड निम्मं त्यांचं.

आमच्याकडे जुनी रीत होती, की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडानं बोलू नये. बाकीच्या घरांतून ती केव्हाच गेली. या दोघांनी ती बावीस वर्षं पाळली. पूर्वी मनोहर मधला माणूस होता. तो गेल्यावर ती नेमणूक माझी झाली, कारण माझं घर दोघांच्या मधे. तीन फुटांवर दोघं उभी असत आणि कमलबाई मला म्हणत, "मास्तर, त्याईले सांगा, मोटर बंद करा म्हणा." मी मान वळवून म्हणे, "भाऊ, मोटर बंद करा." भाऊ म्हणत, "बंदच करून राह्यलो म्हणा." मी पुन्हा मान वळवी. माझ्या मानेचं दुखणं डॉक्टरला अजून कळलेलं नाही.

यंदा कमलबाईंनी ग्रामसभेत अर्ज टाकला. धुऱ्यावरचा मोह तोडावा.

गुणवंतभाऊ आठवडाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. सभेच्या दिवशी पांढरा सदरा घालून आले. मला वाटलं, आता किमान दोन तास. मी सोबत पाण्याची बाटली नेली होती.

कमलबाई उभ्या राहिल्या. पदर नीट केला आणि सरपंचाकडे बघत बोलल्या. "साहेब, त्याईले इचारा. जीवनवृक्ष जीवनवृक्ष करून राह्यले. या झाडानं माह्या घरात कोणाले जीवन देल्लं?"

सरपंचांना विचारायची गरजच पडली नाही.

गुणवंतभाऊ उठले. मी बाटलीचं झाकण उघडलं. अरबस्तान आलं नाही, बोधगया आली नाही. सरपंचाकडेच बघत म्हणाले, "खरं हाये तिचं. आधी म्या कोणालेच अडवत नोतो. झाड सर्वायचं हाये म्हणत होतो. जो ये तो टोपलं भरून ने. मले मोठेपणा वाटे. ते टोपले भट्टीवर जात, मले मालूम होतं. अन् मन्या त्याच भट्टीवर बसे, हेही मालूम होतं. म्या दोन अन् दोन केले नाई." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "तो गेला त्या सालापासून एक फूल खाली ठेवलं नाई. तोडा झाड. मी सही देतो. फक्त मले सांगा, मंग पहाटे चार वाजता उठून मी कुठं जाऊ?"

सहा वर्षं मी शेजारी राहत होतो. लाडू खात होतो. विनोद करत होतो. मला हे सुचलं नव्हतं.

सरपंच अर्जाचा कागद उलटा करून पाहू लागले, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल. मी सवयीनं कमलबाईंकडे मान वळवली, काय निरोप आहे म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या सरळ भाऊंकडे पाहत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. सभेतल्या म्हाताऱ्या बायकांनी दचकून माना वर केल्या. "वाकू वाकू कंबर गेली तुमची. रोज पाह्यतो मी घरून. कोणासाठी करता मालूम नोतं. माह्या शेताच्या अंगानं जे फूल पडते, ते उद्यापासून मी उचलतो."

गुणवंतभाऊ सरपंचाकडून त्यांच्याकडे वळले.

"चार वाजता, कमल," ते म्हणाले. "चप्पल घालून येजो. तिकडच्या अंगाले काटे हायेत."