मोटेअण्णांचा फॉन्ट पास होत नाही

मोटेअण्णा दुकानात आले की आधी मोबाईल पुढं करतात. नमस्कार नाही, बरंवाईट नाही, बीपीच्या गोळ्यांचं नाव नाही. मोबाईल सरळ आपल्या नाकासमोर आणि हुकूम, "वाचा. मोठ्यानं."

कराडजवळच्या मलकापुरात माझं औषधांचं दुकान आहे. तिथं येणारा माणूस दुखणं घेऊन येतो, पण अण्णांना त्याचं सोयरसुतक नसतं. दाढ धरून उभ्या असलेल्या माणसालासुद्धा त्यांनी वाचायला लावलंय. स्क्रीनवर वाक्य ठरलेलं, "क्षीरसागर गुरुजींच्या म्हशीनं झाडाखालची ज्वारी, छत्री आणि ढोबळी मिरची फस्त केली."

हे वाक्य अण्णांनी स्वतः रचलंय. मराठीतली सगळी नाठाळ अक्षरं त्यात कोंबलीत म्हणे. गिऱ्हाईक बिचारं दाढ धरून वाचतं आणि वर विचारतं, "मग गुरुजींनी काय केलं?"

"गुरुजी मरू द्यात. अक्षर कसं वाटलं ते सांगा."

अण्णा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आडनाव मोटे, अंगानं काडी. उभा जन्म पाटण, कराड, आष्ट्याच्या बाजारांत दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर तपासायला काही उरेना, घरातला वजनकाटा त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, माळ्यावर टाकला, तेव्हा अण्णांनी ब्लॉग काढला. म्हणजे काढायचं ठरवलं. ब्लॉगला नाव आहे, वर अण्णांचा टोपीतला फोटो आहे, खाली ती म्हैस आहे. बाकी सगळा उजेड, कारण फॉन्ट पास होत नाही.

मला आधी वाटायचं, फॉन्ट म्हणजे काय, मिळेल तो घ्यावा आणि लिहावं. आता मला नको तितकं कळतं. एका फॉन्टमधला अनुस्वार अण्णांना दिसत नाही. दुसऱ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. "शेजारच्या घरात पाय सोडून बसल्यागत," अण्णा म्हणतात. तिसरा दिसायला देखणा, पण पाटणच्या खोऱ्यात रेंज नसली की उघडतच नाही, अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे. "लय वजनदार हाय. एवढा जड फाँट खेड्यातल्या माणसानं कसा वढायचा?" एकात अक्षरं फिकट राखाडी होती. हल्ली तशीच पद्धत आहे, असं मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "पद्धत कसली, शाई वाचवत्यात."

सगळ्यांवर शिक्का एकच, "पास न्हाई."

माझ्या डोक्यात जायची ती त्यांची दुसरी सवय. वाचताना कुणी अडखळलं की अण्णांचा चेहरा खुलायचा. लगेच म्हणायचे, "चूक तुमची न्हाई, फाँटची हाय." मी बी.फार्म. झालेली बाई. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यावर माझं घर चालतं. एकदा गर्दीत माझी जीभ 'ज्वारी'वर जरा अडकली, तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर अण्णांनी माझी समजूत घातली. वर काकूंना हाक मारून सांगितलं, "बघ, ताईंनाबी जमंना."

काकू नेहमी त्यांच्यासोबत असायच्या. बाकड्यावर बसायच्या, पिशवी मांडीवर, चष्मा दोरीनं गळ्यात. हसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यास्नी दुसरा उद्योग न्हाई गं." मोबाईल मात्र अण्णांनी त्यांच्यापुढं कधी धरला नाही. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

एका दुपारी माझा संयम संपला. दुकानात आम्ही तिघंच होतो. अण्णांनी तीन फॉन्ट आणले होते आणि आळीपाळीनं मला तीच म्हैस तीनदा वाचायला लावली. मी मोबाईल घेतला आणि काकूंच्या हातात दिला. म्हटलं, "काकू, आता तुम्हीच वाचा आणि ह्यांचं एकदाचं पास करून टाका. माझी सुटका करा."

काकूंनी मोबाईल धरला. जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "चष्मा घरी ऱ्हायला गं."

चष्मा त्यांच्या गळ्यात होता. मला दिसत होता आणि मला दिसतोय हे त्यांना कळलं.

अण्णा झपकन पुढं झाले. "बेकार फाँट हाय. आण इकडं. कुणालाच वाचता येईना असलं." काकू उठल्या, भाजी घ्यायचीय असं काहीतरी पुटपुटल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काकू दर महिन्याला मला विचारायच्या, सकाळची गोळी कुठली, रात्रीची कुठली. मी पाकिटावर लिहून द्यायचे तरी पुन्हा विचारायच्या. मला वाटायचं, वयामुळं विसरतात.

अण्णा बाकड्यावर बसले. "तिसरीत शाळा सुटली तिची," ते म्हणाले. "आटपाडीकडची ती. बाप मेंढरं घिऊन हिंडायचा, बिऱ्हाड संगट. शाळा कुठली धड हुतीया? एकेक अक्षर येतं तिला. पण मोबाईलवर दिसलं की बिचकती. आन कुणी बघतंय म्हटलं की संपलंच."

"मग तुम्ही वाचून दाखवा की."

"त्येच तर जमत न्हाई." अण्णा टोपी काढून तिच्या आत बघत बसले. "ताई, मला बाजारात बोलाय येतं. व्यापाऱ्याला झापाय येतं. घरात न्हाई येत. लगीन झाल्यापास्नं दौऱ्यावर हिंडलो, हिला मनातलं कायबी सांगितलं न्हाई. आता लिहायचं म्हणतोय. पण तिनं तिचं तिनं वाचलं तर उपेग. मी वाचून दाखवलं तर त्ये बोलल्यावानीच झालं की."

म्हणजे आमची सगळ्यांची म्हैस ह्यासाठी होती. सगळ्या मलकापूरला अडखळताना काकूंनी ऐकावं आणि चूक अक्षराची आहे हे त्यांना पटावं, एवढ्यासाठी हा माणूस लोकांच्या शिव्या खात होता. मला अण्णांचा एवढा राग यायचा, त्या दिवशी तो सगळा निघून गेला.

मग मला आठवलं. म्हटलं, "अण्णा, पण काकू एसटीच्या पाट्या वाचतात की. परवा स्टँडवर मी भलत्याच गाडीत चढत होते, त्यांनीच लांबून हाक मारली. 'ती विट्याची हाय गं' म्हणाल्या."

लोकांच्या तराजूतला गुंजभर फरक पकडणारा माणूस, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

मग काकूंनीच मला एकदा सांगितलं. लग्नानंतर पाटणला स्टँडसमोर त्यांची खोली होती. अण्णा दौऱ्यावर गेले की काकू खिडकीत बसायच्या. कंडक्टर ओरडायचा ते गाव, आणि पाटीवर दिसतंय ते त्याचं अक्षर, असं करत जुळवत गेल्या. कऱ्हाड आलं, सातारा आलं, सांगली आली. बाकीची अक्षरं त्यांतून सुटी करून घेतली.

अण्णांनी कराडच्या स्टँडवर जाऊन रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढले. एका कंडक्टरनं घाबरून विचारलं, "साहेब, तक्रार झालीया का?" अण्णा म्हणाले, "तुमच्या पाटीचा उकार लय चांगला हाय." कंडक्टर आणखीच घाबरला.

शेवटी तसा एक फॉन्ट सापडला. सगळ्या रेघा सारख्या जाड, अक्षरं सुटीसुटी, काळाकुट्ट रंग, दोन ओळींत बैलगाडी जाईल एवढी जागा. इतका बेंगरूळ ब्लॉग मी जन्मात पाहिला नाही. अण्णा म्हणाले, "पास."

पुढच्या आठवड्यात काकू एकट्याच दुकानात आल्या. काउंटरवर मोबाईल ठेवला, त्यात अण्णांचा ब्लॉग उघडलेला. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून वाचायला लागल्या. मोठ्यानं. एकेक अक्षर जुळवत. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांची त्यांना पर्वा नव्हती.

"पा-ट-ण-ला... आ-मी... न-वी-न हु-तो. मी दौ-ऱ्या-व-र जा-ता-ना... ती क-दी र-ड-ली न्हाई. लय... घट का-ळ-जा-ची."

तिथं थांबल्या. बोट तिथंच ठेवून पुन्हा एकदा मनात वाचलं.

"हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "लय रडले. ह्ये गेल्यावर मी रडायचे. गाडी वळली की."

काकूंनी स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. "हितं आपल्याला लिवता येतं का गं?"

खाली प्रतिक्रियेचा रकाना होता. तो मी दाखवला. "सांगा, मी लिहिते," म्हटलं.

"नको. मीच लिवते."

गिऱ्हाइकं ताटकळली. एकानं तोंड उघडलं, पण मी डोळे वटारले तसा गप्प बसला. काकू बोटानं अक्षर शोधत होत्या, चुकत होत्या, पुसत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाईल माझ्याकडं दिला आणि पाठवायचं बटण तेवढं मला दाबायला लावलं. रकान्यात दोन ओळी होत्या. "गाडी वळल्यावर रडायचे. तुमी मागं बघीतलं न्हाई."

संध्याकाळी अण्णा आले. मोबाईल खिशातच होता. बीपीच्या गोळ्या मागितल्या, मी दिल्या, तरी ते जाईनात.

"ताई," ते म्हणाले, "मला इतकी वर्सं वाटायचं, हिला माझ्यावाचून करमतंय."

मी आतली खुर्ची बाहेर आणून त्यांना दिली आणि ते बसले.