विद्याधरनानांचं पडद्यावरचं मरण

गिरीजच्या विद्याधरनानांनी त्या दिवशी केळींना पाणी सोडायचं टाळलं आणि क्लेमेंटबरोबर राजोडीला शूटिंग बघायला जायचं ठरवलं, तिथंच त्यांचं ग्रहमान फिरलं. घरी राहिले असते तर फार तर बायकोची, म्हणजे शांताकाकूंची, बोलणी खाल्ली असती. ती काय, रोजचीच होती.

नाना म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचे आधारस्तंभ. (हे त्यांच्याच शब्दांत. मंडळाच्या मते खांब जरा मध्येच येतो.) उभ्या आयुष्यात ऐतिहासिक नाटकं केली आणि जवळजवळ प्रत्येक नाटकात मेले. मरण ही त्यांची खासियत. वार बसला की आधी छातीवर हात. मग डाव्या विंगेपर्यंत झोकांड्या, मग उजव्या. मग एक गुडघा टेकून आभाळाकडे थरथरतं बोट. एकदाचे पडले की लोकांना वाटायचं, सुटलो. तेवढ्यात नाना कोपरावर उठायचे, प्रेक्षकांवरून सावकाश नजर फिरवायचे आणि टाळी मिळाल्याशिवाय प्राण सोडायचे नाहीत. जाणकार मंडळी म्हणूनच टाळ्यांची घाई करत.

असा हा निष्ठावंत कलावंत. संध्याकाळी ओट्यावर बसून सिनेमातल्या थोर थोर नटांची सालटी काढणं हा त्यांचा नेम. "एवढा मोठा नट, आणि काय करतो? हिरोच्या कुत्र्याशी मराठीत बोलतो! आणि वर मुलाखतीत सांगतो, वेगळा प्रयोग म्हणून केलं. अरे, प्रयोग कसला? लाज सोडली म्हणा ना!"

बरं, हे नुसत्या बोलण्यावर थांबलं नाही. गेल्या वर्षी मंडळाचा जीवनगौरव होळी गावच्या एका बुजुर्ग नटाला द्यायचं ठरत होतं. बिचाऱ्याने कुठल्याशा पोटसफा चूर्णाच्या जाहिरातीत दोन उड्या मारल्या होत्या. नानांनी भर सभेत ठराव मांडला, "कलेशी तडजोड करणाऱ्याला गौरव नाही!" ठराव पास झाला, बुजुर्ग बाद झाले आणि यंदाचा गौरव आपसूक नानांकडे चालत आला. काकूंनी चार बहिणींना कळवलं, नानांनी भाषण पाठ केलं. आता अंगावर शाल पडायची तेवढी बाकी होती.

आणि नाना राजोडीला गेले.

क्लेमेंट त्यांचा शेजारी, मंडळाचा लाइटवाला. त्याचे लाइट शूटिंगला भाड्याने गेले होते. सिनेमाचं नाव 'केकडा का कहर'. किनाऱ्यावर विरारचा धवल नावाचा तरुण डायरेक्टर डोकं धरून बसला होता. एका नामवंत नटाला त्याने शेवटच्या सीनमधल्या खास भूमिकेसाठी बोलावलं होतं. नामवंतांनी येऊन वेशभूषा पाहिली आणि त्यांची तब्येत एकाएकी बिघडली. ती वेशभूषा वाळूत पडली होती. माणसाएवढा केशरी रबरी खेकडा, डोळे काठीवर लटकलेले, अर्धे पाय दोऱ्याने बांधलेले.

शेजारी टोपली घेऊन उभी असलेली मासेवाली म्हणाली, "ही कसली चिंबोरी? पानी बी नाय लागलं अजून, आनि मेल्यासारखी पडलीय."

"सर, फक्त क्लायमॅक्स राहिलाय," धवल क्लेमेंटला सांगत होता. "भरती यायच्या आत घ्यायला पाहिजे. हिरो गोळ्या मारतो, केकडा मरतो, खतम. पण बॉस, नीट मरणारा माणूसच नाही मिळत आजकाल!"

नानांनी कान टवकारले. "मरायचंय?"

"विद्याधर, तू गप," क्लेमेंट म्हणाला. "खेकडा आहे तो. पुढच्या महिन्यात गौरव आहे तुझा, विसरलास?"

"मी कुठे काय म्हणतोय?" नाना म्हणाले. मग इकडे तिकडे बघत हळूच, "चेहरा दिसतो का हो आतल्याचा?"

"बिलकुल नाही अंकल! नावपण टाकत नाही, टेन्शन नको."

झालं! कलावंत विरघळला. कुणाला सांगणार नाही अशी क्लेमेंटकडून गळ्याची शपथ घेतली, धोतर खोचलं आणि नाना खेकड्यात शिरले.

हिरोने गोळ्या झाडल्या. खेकड्याने आधी छातीवर नांगी ठेवली. मग तो झोकांड्या खात डावीकडे पार सुरूच्या झाडांपर्यंत गेला. "अंकल, मरो!" धवल ओरडला. खेकडा उजवीकडे होड्यांपर्यंत जाऊन आला. मग गुडघा टेकला (खेकड्याला गुडघा नसतो, पण नानांना होता), नांगी आभाळाकडे उचलली आणि कोसळला. "कट!" म्हणायला धवलने तोंड उघडलं, तोच खेकडा कोपरावर उठला आणि समुद्रावरून सावकाश नजर फिरवू लागला. शेवटी मासेवालीने कंटाळून टाळी वाजवली, तेव्हा गेला. तोवर भरतीने कॅमेऱ्याचे पाय गाठले. दुसरा टेक घ्यायला ना वेळ होता, ना रबरात जीव. तसंच ठेवलं.

गौरवाच्या आदल्या आठवड्यात सिनेमा इंटरनेटवर आला आणि मंडळाचे अध्यक्ष जॉन सर उत्साहाने म्हणाले, "आपली राजोडी आहे त्यात, क्लेमेंटचे लाइट आहेत. समारंभाआधी शेवटचा भाग हॉलमध्ये दाखवू. लोकही वेळेवर येतील."

"असले भिकार सिनेमे दाखवता?" नाना कडाडले. क्लेमेंट कानाशी लागला, "आरडाओरडा करू नकोस. खेकड्याचं तोंड दिसणार, तुझं नाही."

समारंभाला हॉल गच्च भरला. नाना पहिल्या रांगेत, कडक झब्ब्यात. पडद्यावर गोळ्या सुटल्या. खेकड्याने छातीवर नांगी ठेवली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. खेकडा डावीकडे निघाला, तशी रांगारांगांत कुजबुज सुरू झाली. उजवीकडे वळला, तेव्हा क्लेमेंट बुटाची लेस बांधायला खाली वाकला. (त्याच्या पायात चपला होत्या.) नांगी आभाळाकडे गेली, खेकडा पडला. सगळा गाव श्वास रोखून एकाच गोष्टीची वाट बघत होता.

खेकडा कोपरावर उठला.

"अरे, हे तर आपले नाना!" हॉल फुटला. शिट्ट्या काय, टाळ्या काय! "वन्स मोअर! नानांना परत मारा!" ऑपरेटरने तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावला. इतक्या टाळ्या नानांना जितेपणी, म्हणजे नाटकात मरताना, कधी मिळाल्या नव्हत्या.

गलका थांबल्यावर जॉन सर शाल हातात घेऊन खाली मान घालून उभे राहिले. "नाना, ते... तुम्हीच का?"

नाना उठले. खोटं बोलावं तर लेसवाला साक्षीदार शेजारीच बसलेला. "हो, मीच! पण ती तडजोड नव्हती," ते म्हणाले. "तो एक... वेगळा प्रयोग होता."

पुढचं हसणं म्हणे पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. जॉन सरांना मनापासून वाईट वाटलं, पण ठराव नानांचाच, शब्दही नानांचेच. शाल घडी करून पिशवीत गेली. "यंदा राहू द्या," एवढंच ते म्हणाले.

घरी जाताना वाडीच्या वाटेवर काकू दोन पावलं मागेच चालत होत्या. चार बहिणींना काय सांगायचं या विचारात असतील, असं नानांना वाटलं आणि त्यांना खरंच गलबलून आलं. दिव्याखाली पाहतात तर काकू पदराने डोळे पुसत होत्या.

"रडू नकोस गं," नाना म्हणाले. "चूक माझीच."

"छे हो, शालीचं नाही." काकूंनी नाक ओढलं. "आपलं लग्न झाल्यापासून तुम्हाला मरताना बघतेय, पण कधी डोळ्यांत टिपूस आलं नाही. आज मात्र आलं बाई पाणी."

नाना जागच्या जागी थांबले. एवढी दाद! शाल गेली तर गेली. "खरं सांगतेस?"

"अगदी देवाशपथ," काकू म्हणाल्या. "त्या रबराच्या तोंडावर काय भाव होते हो!"